छोटा डेस्कटॉप घेतला, आता त्यात काय वाढवू?

मानवतहून एका ताईंनी विचारलं आहे. बसस्टँडजवळ त्यांचं ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि मराठी टायपिंगचं दुकान आहे. जुना मोठा सीपीयू बंद पडला म्हणून महिन्याभरापूर्वी त्यांनी जाडजूड पुस्तकाएवढा छोटा डेस्कटॉप घेतला, रिफर्बिश्ड, म्हणजे जुना, दुरुस्त करून पुन्हा विकलेला. आत आय५-८५००टी प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. त्या लिहितात, "पहिले चार दिवस खूप बरं वाटलं. टेबल मोकळं झालं, आवाज नाही. पण सकाळी चालू केल्यावर हाताशी यायला पाच मिनिटं लागतात. चार-पाच टॅब उघडले की अडकतं. दुपारी पंखा घोंघावतो. आणि डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात. विकणारा म्हणतो आय७ टाका. मुलगा म्हणतो एसएसडी टाक. भाऊ, आधी काय करू? आणि यात ग्राफिक कार्ड बसेल का?"

मी परभणीत २४ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. असे छोटे डबे रोज टेबलावर येतात. ताई, तुमची निवड चुकलेली नाही. हा प्रोसेसर २०१८ चा, सहा कोअरचा आहे. फॉर्म, टायपिंग, स्कॅनिंग, पीडीएफ एवढ्या कामाला तो पुरून उरतो. तुम्हाला यंत्र चांगलं मिळालंय, पण अर्धपोटी मिळालंय. प्रोसेसरचं नाव गिऱ्हाइकाला दिसतं म्हणून तो बरा देतात. रॅम आणि डिस्क मात्र जी हाताशी असेल ती आत बसवून मोकळे होतात. पहिल्या महिन्यात तुम्हाला जे जाणवलं ते त्या उपाशीपणाचं आहे.

सुरुवात मात्र झिणझिण्यांपासून करतो. बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबवू नका.

या डेस्कटॉपला बाहेरचा अ‍ॅडाप्टर असतो, लॅपटॉपसारखा. त्यात विजेतली खरखर गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांच्यातून अगदी थोडा करंट डीसी बाजूला झिरपतो. अर्थिंग असेल तर तो तिसऱ्या पिनमधून जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर त्याला वाट राहत नाही आणि डब्याच्या पत्र्यावर मेन लाइनच्या जवळपास निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. हात लावला की तुम्हाला जाणवतं ते हेच. करंट फार थोडा असल्याने एवढ्याने माणसाला सहसा इजा होत नाही, पण प्रिंटर किंवा अंगठ्याचं मशीन जोडताना हेच व्होल्टेज यूएसबीच्या तोंडातून ठिणगी होऊन जातं. "अंगठ्याचं मशीन सारखं जातंय" म्हणून येणाऱ्या दुकानांत मी आता मशीन नंतर बघतो, आधी बोर्डाचा सॉकेट तपासतो.

वायरमनला बोलावून मल्टीमीटर लावून घ्या. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ ही दोन्ही मापं २३०च्या आसपास आणि जवळजवळ सारखी आली पाहिजेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. फेज-अर्थ मध्येच कुठेतरी, १००-१२० दाखवत असेल तर अर्थची तार कुठे पोचलेलीच नाही असं समजा. आपल्या काळ्या मातीत आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यात फुगलेली माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते, आणि दिवाळीला उत्तम असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये कागदावरच उरतं. खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडावं लागतं, शेतातल्या मोटारीच्या अर्थिंगला सोडतात तसंच. एक गोष्ट मात्र कुणी कितीही सांगितली तरी करू देऊ नका. सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडून "झालं अर्थिंग" म्हणणारे आहेत. ज्या दिवशी मागे न्यूट्रल तुटेल त्या दिवशी डब्यावर पूर्ण फेज येईल. त्याच दुकानात तुमचं झेरॉक्स मशीन आहे, आणि समोर लोक टेबलाला टेकून उभे असतात.

आता वेग. काही विकत घेण्याआधी दहा मिनिटं यंत्राकडे बघा. सकाळी चालू केल्या केल्या कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. माझा अंदाज, डिस्कसमोर १०० टक्के दिसेल आणि सीपीयू पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत असेल. मग मेमरीवर, म्हणजे रॅमवर, टिचकी मारा. खाली उजवीकडे किती स्लॉट भरलेत ते लिहिलेलं असतं. दोनपैकी एक भरलेला असणार. नेहमीचे टॅब, टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि स्कॅनर उघडल्यावर मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली, की तुमचं उत्तर तुमच्याच स्क्रीनवर आलं. प्रोसेसर रिकामा बसलाय आणि डिस्क दमली आहे. आय७ टाकला तर रिकामं बसणारा माणूस तेवढा महाग होईल.

डिस्क का दमते? अशा डब्यातली अडीच इंची हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली, म्हणजे हेडखाली, यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, त्याआधी हेडला योग्य पट्टीवर सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. सगळं मिळून एका वाचनाला पंधरा-सतरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर वाचनं. विंडोज सुरू होताना इकडेतिकडे विखुरलेल्या हजारो बारीक फाइली मागते. त्यात अँटिव्हायरस उठतो, अपडेट उठतं, ब्राउझर उठतो, आणि सगळे त्या एकाच हेडपुढे रांग लावतात. एसएसडीत फिरणारं काही नाही. तिथे हीच वाचनं सेकंदाला हजारोंनी होतात. तुमची पाच मिनिटं अर्ध्या मिनिटाच्या आत येतील, हे मी खात्रीने सांगतो. मुलाचं म्हणणं बरोबर आहे.

पण दुकानात जाऊन नुसतं "एसएसडी द्या" म्हणू नका. तुमच्या यंत्राच्या पिढीच्या बहुतेक छोट्या डेस्कटॉपमध्ये, मग तो थिंकसेंटर टायनी असो, ऑप्टिप्लेक्स मायक्रो असो की एलिटडेस्क मिनी, बोर्डावर एम.२ नावाचा स्लॉट असतो. त्यात च्युइंगगमच्या पट्टीसारखी एसएसडी बसते: २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, म्हणून तिला २२८० म्हणतात. एकाच मापात दोन जाती येतात, साटा आणि एनव्हीएमई. साटाची सेकंदाला साधारण ५५० एमबीवर मर्यादा आहे, एनव्हीएमई तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्येही ३,००० च्या पुढे जाते. रोजच्या कामात हा फरक आकड्याएवढा जाणवत नाही. हार्ड डिस्क सोडून कुठलीही एसएसडी घेतली, तिथेच खरी उडी होते. तरी स्लॉट कुठली जात घेतो ते मॉडेल नंबरवरून पक्कं करूनच घ्या, कारण चुकीची जात बसल्यासारखी बसते आणि दिसतच नाही. शेजारी तसाच आखूड स्लॉट दिसेल, तो वायफायचा. त्यात एसएसडी घालायचा प्रयत्न करू नका. तुमच्या कामाला २५६ जीबी पुरते. स्कॅन केलेले कागद वर्षानुवर्षं ठेवत असाल तर ५१२ घ्या.

रॅमचंही तसंच आहे. मोठ्या सीपीयूची लांब पट्टी यात बसणार नाही, लॅपटॉपची छोटी, सोडीम लागते, डीडीआर४. त्या प्रोसेसरची गती २६६६. दुकानात ३२००ची मिळाली तरी चालते, ती आपोआप २६६६वर उतरते. आत ८ आहे, दुसऱ्या स्लॉटमध्ये आणखी ८ टाका. १६ जीबीची एकच पट्टी घेऊन जुनी काढून ठेवण्यापेक्षा दोन आठाच्या बऱ्या, कारण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन्हीकडून एकदम माहिती मिळते. या डब्यात वेगळं ग्राफिक कार्ड नाही, स्क्रीनचं चित्रही याच रॅममधून काढलं जातं, त्यामुळे जोडीचा फायदा स्क्रीनवरही दिसतो. घरी पडलेली डीडीआर३ची पट्टी कुणी देऊ केली तर तिची खाच वेगळ्या जागी असते. बसत नाही म्हणजे ती यातली नाही. जोर लावू नका.

हे काम तुमचा मुलगा घरी करू शकतो. मी ज्या क्रमाने करतो तसं सांगतो. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करायचं, म्हणजे विंडोज अर्धवट झोपत नाही, पूर्ण बंद होतं. अ‍ॅडाप्टरची पिन काढायची आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, आत साठलेली वीज निघून जाते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की सिंथेटिक कपड्यातून अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून सुती कपड्यात बसायचं आणि आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. बहुतेक मॉडेलांना मागे एकच स्क्रू असतो. तो सैल केला की झाकण पुढे सरकून निघतं. बऱ्याच मॉडेलांत हार्ड डिस्कची प्लास्टिकची चौकट वर उचलली की खाली एम.२चा स्लॉट दिसतो, थिंकसेंटर टायनीत मात्र तो आणि रॅम बोर्डाच्या खालच्या बाजूला असतात. एसएसडी तीसेक अंशात तिरपी धरून आत सरकवायची. सोनेरी दात दिसेनासे झाले की दुसरं टोक खाली दाबायचं आणि बारीक स्क्रू लावायचा. रिफर्बिश्ड डब्यात तो स्क्रू हमखास गायब असतो. मग लोक चिकटपट्टी लावतात, उन्हाळ्यात डिंक सुटतो, पट्टी उचलली जाते आणि "एसएसडी खराब झाली" म्हणून माझ्याकडे येतात. एसएसडी घेतानाच स्क्रू मागून घ्या. रॅमही अशीच तिरपी घालून खाली दाबायची. दोन्ही बाजूंचे धातूचे चिमटे टक् करून लागले पाहिजेत. एकच लागला तर काढून पुन्हा बसवा.

झाकण उघडलंच आहे तर पंख्याकडे बघा. तुमच्या दुपारच्या घोंघावण्याचं उत्तर बहुधा तिथे सापडेल. मानवत कापसाचं गाव आहे. हंगामात बाजारपेठेतून, जिनिंगवरून जे बारीक तंतू उडतात ते साध्या धुळीसारखे नसतात. धूळ फुंकली की उडते. कापसाचे तंतू पंख्यामागच्या पातळ पत्र्यांवर एकात एक गुंतत जातात आणि तिथे नमद्यासारखा थर होतो. मागच्या फेब्रुवारीत एका आडत दुकानातला डबा आला होता. वरून लख्ख पुसलेला, पंखाही स्वच्छ. पंखा काढला तर मागे राखाडी रंगाची सलग चादर निघाली, चिमट्याने उचलली तर एका तुकड्यात वर आली. हवा जायला फट नव्हती. पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता आणि गरम हवा आतच घुसमटत होती. चादर काढली, प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूकडे नेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून नवी लावली, आणि तोच पंखा ऐकू येईनासा झाला.

यामागचा हिशोब साधा आहे. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. एसीतल्या ऑफिसात २५ अंशांची हवा मिळते तेव्हा प्रोसेसर ७० वर असेल, तर पत्र्याच्या दुकानात ४२ अंशांची हवा मिळाल्यावर तेच काम करताना तो पंच्याऐंशीच्या पुढे जाणार. ठरलेल्या मर्यादेला पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. दुपारी "हँग होतं" त्यात याचाही वाटा असतो. मोठ्या सीपीयूत आत मोकळी जागा होती, थर बसला तरी तो सहन करायचा. एक लिटरच्या डब्याला तेवढी सूट नाही. म्हणून आपल्या भागात हा डबा वर्षातून दोनदा उघडून साफ करावा, एकदा कापसाचा हंगाम सरल्यावर आणि एकदा पावसाळ्याआधी. हाताचा ब्लोअर चालतो, पण पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर हवेच्या झोताने तो नको इतका फिरतो आणि बेअरिंग जातं. गाड्यांच्या गॅरेजमधला कॉम्प्रेसर वापरू नका, त्याच्या हवेत पाणी असतं. डबा कपाटाच्या कप्प्यात कोंबू नका, मॉनिटरच्या मागे टांगायचा असेल तर मधे हवा खेळू द्या.

आय७बद्दल विकणाऱ्याचं म्हणणं मी एवढ्यासाठीच नाकारतो. ८५००टी मधला टी म्हणजे ३५ वॉटचा प्रोसेसर. साधा आय७-८७०० हा ६५ वॉटचा. तेवढी उष्णता बाहेर काढायला या डब्यातला पंखा बनवलेला नाही आणि ६५ वॉटच्या अ‍ॅडाप्टरला तेवढी वीज पुरवता येणार नाही. ८७००टी बसू शकतो, त्यात बारा थ्रेड मिळतात, म्हणजे एका वेळी बारा कामं चालतात, पण तुमच्या कामात तो फरक दिसणार नाही. ग्राफिक कार्डही सोडून द्या. या आकाराच्या बहुतेक डब्यांत कार्डाची जागाच नसते. काही मोजक्या मॉडेलांत, जसं लेनोवोचं एम९२०क्यू, वेगळी पट्टी लावून छोटं कार्ड बसवता येतं, पण टायपिंग आणि फॉर्मसाठी त्याचा काही उपयोग नाही. व्हिडिओ एडिटिंगचा धंदा सुरू करायचा असेल तर वेगळं यंत्र घ्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुम्हाला हात जोडून विनंती करतो ती. नव्या एसएसडीवर जुनी विंडोज कॉपी करू नका, कोरी टाका. तुमच्या यंत्रात लोकांचे आधार, पॅन, बँकेची पासबुकं, सातबारे रोज येतात. रिफर्बिश्ड यंत्रात कुणी कुठल्या "अ‍ॅक्टिव्हेटर"ने, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालू करणाऱ्या सॉफ्टवेअरने, विंडोज चालू करून दिली आहे आणि त्याच्यासोबत काय आत बसलंय, हे बाहेरून कळत नाही. गावातली माणसं तुमच्या भरवशावर अंगठा लावतात. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ त्यावर उतरवा आणि त्यावरून बसवा. या डब्यांच्या बोर्डात मूळ विंडोजची किल्ली बहुधा कंपनीनेच घालून दिलेली असते, इंटरनेट लावलं की ती आपोआप ओळखली जाते. तशी ओळखली गेली नाही तर परवाना विकत घ्या, पण अ‍ॅक्टिव्हेटर नको. आधी जुने मराठी फॉन्ट, टायपिंग सॉफ्टवेअरचा परवाना, ब्राउझरमधले पासवर्ड आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर बाजूला काढून ठेवा. नवीन विंडोज बहुधा डिस्क आपोआप कुलूपबंद करते, तिची रिकव्हरी की कागदावर उतरवून घरच्या कपाटात ठेवा. ती हरवली तर मीसुद्धा डेटा काढून देऊ शकत नाही.

इथे तुमचं नशीब चांगलं आहे. विंडोज १०ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि इंटेलमध्ये विंडोज ११ला अधिकृत परवानगी साधारण आठव्या पिढीपासून आहे. तुमचा आठव्याच पिढीचा आहे. जे आता घ्यायला निघालेत त्यांनी प्रोसेसरच्या नावातला चार आकडी नंबर बघावा. ६५०० किंवा ७५०० असेल तर तो सहाव्या-सातव्या पिढीचा. स्वस्त मिळतोय तो त्यामुळेच. विंडोज ११ला लागणारी टीपीएम ही सुरक्षेची सोय नाही असा संदेश आला तर घाबरू नका, बहुधा ती बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, नुसती बंद असते.

विजेचं राहिलं. अ‍ॅडाप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज १७० वर आलं तरी त्याला त्रास नाही, त्याच्यासाठी वेगळा स्टॅबिलायझर घेऊ नका. घात होतो तो लाइट येताना बसणाऱ्या झटक्याने आणि न्यूट्रल सुटल्यावर. जुना ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तोच ठेवा. मोठ्या सीपीयूला तो दहा-पंधरा मिनिटं पुरत होता. हा डबा साध्या कामात वीस-पंचवीस वॉट घेतो, एलईडी मॉनिटर तेवढेच. बॅटरी नवी असेल तर पाऊण तासाच्या आसपास काम चालतं, म्हणजे अर्धा भरलेला फॉर्म लाइट गेली म्हणून वाया जात नाही. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका. कागद तापवायला तो एका झटक्यात शेकडो वॉट ओढतो आणि यूपीएस ट्रिप होऊन सगळंच बंद पडतं. अ‍ॅडाप्टर गेलाच तर कंपनीचाच घ्या. काही कंपन्यांच्या पिनमध्ये मधली बारीक सुई अ‍ॅडाप्टरची ओळख सांगते. ओळख पटली नाही तर यंत्र चालू होतं, पण प्रोसेसर मुद्दाम सावकाश चालवतं, आणि दोष कुठे आहे ते महिनोन्महिने सापडत नाही.

पैसे एकदम नसतील तर या महिन्यात अर्थिंग, सफाई आणि एसएसडी, रॅम पुढच्या महिन्यात. काढलेली १ टीबी हार्ड डिस्क विकू नका. अडीच इंची यूएसबी केस मिळते, त्यात घाला. दर शनिवारी दुकान बंद करताना त्या आठवड्याच्या फाइली तिच्यावर उतरवा आणि ती घरी घेऊन जा, दुकानात ठेवू नका. आणि जुन्या मालकाचं काही तिच्यावर राहिलेलं असू शकतं, म्हणून वापरायच्या आधी एकदा पूर्ण फॉरमॅट करा, क्विक नाही. १ टीबीला दोन-तीन तास लागतील, रात्री लावून ठेवा.